भूक गेली, जेवण राहिले

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. काही जण म्हणतात, "पोट कापून घेतले की झाले, मग आयुष्यभर काळजी नाही." काही म्हणतात, "पोटच कापून घेतले, आता ती बाई जगणार कशी?" माझ्या थोरल्या बहिणीचे हे ऑपरेशन फेब्रुवारी २०२३ मध्ये झाले. त्यानंतर आमच्या घरात जे घडले ते या दोन्ही बोलण्यांत बसत नाही. म्हणून हा लेखप्रपंच. ताईला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "लिही. पण वजन लिहायचे असेल तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही लिही."

तर आधीचे लिहितो. वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ११८ किलो. मी पडलो कारकून, आकडेमोड माझ्या हातची. वजनाच्या किलोला उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्यावरून डॉक्टर स्थूलपणा ठरवतात. आपल्या भारतीय माणसांच्या बाबतीत २५ च्या पुढे गेले की स्थूल म्हणतात. ताईचा आकडा ४९ आला. नऊ वर्षांचा डायबेटीस, जोडीला ब्लडप्रेशर, आणि गुडघे असे की विक्रोळी स्टेशनचा पूल चढताना मध्येच दोनदा कठड्याला धरून उभे राहावे लागे. झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच.

तिने प्रयत्न केले नाहीत असे मुळीच नाही. भात सोडला, साखर सोडली, पहाटे उठून चालली, कुणीतरी दिलेल्या महागड्या पावडरीचे डबे संपवले. दर वेळी सहा-आठ किलो उतरायचे आणि वर्षभरात दहा परत यायचे. मग घरचे, दारचे सगळे एकच वाक्य बोलायचे, "तोंडावर ताबा नाही." हे वाक्य मीही बोललो आहे, एकदा चारचौघांत बोललो आहे. आज त्याची लाज वाटते.

लाज वाटण्याचे कारण नंतर वाचनात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून पुढे आले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. ही मुले आधी खादाड नव्हती. पण उपासमारीत त्यांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना. पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटल्या चाटू लागली. आणि खरी गोष्ट पुढे आहे. पोटभर मिळू लागल्यावरही कित्येक आठवडे त्यांची भूक भागेना. पोट गच्च भरलेले असायचे आणि तरी खा-खा सुटायची. वजन उतरले की शरीर भूक वाढवते, गेलेले परत मिळवायला बघते. ताईच्या बाबतीत दर उपासानंतर हेच होत होते आणि आम्ही तिच्या स्वभावाला दोष देत होतो.

भुकेचा हा संदेश शरीरात कोण पोहोचवतो हे बऱ्याच उशिरा कळले. १९९९ साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी जठरातून निघणारे एक संप्रेरक शोधले. त्याचे नाव घ्रेलिन. जेवणाची वेळ झाली की हे रक्तात वाढते, मेंदूला जाऊन सांगते की आता खायला हवे. जेवलो की ते उतरते. माणूस खाणे कमी करून वजन उतरवतो तेव्हा रक्तातले घ्रेलिन वाढते. म्हणजे ज्याने वजन उतरवले आहे त्याच्याच दारात भूक जास्त वेळा येऊन उभी राहते.

ताईचे जे ऑपरेशन झाले त्याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. त्यात कपभरसुद्धा अन्न जेमतेम मावते. आम्हाला वाटले होते की पिशवी लहान, म्हणून जेवण कमी, एवढाच मामला. पण जठराचा जो फुगीर वरचा भाग काढतात, घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होते. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागते आणि "पुरे" म्हणून सांगणारी आतड्यातली संप्रेरके जास्त सुटतात. अशा एका संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेली वजनाची इंजेक्शने २०२५ साली आपल्या देशातही आली. त्यांचा पेपरात इतका बोलबाला झाला की ते सर्वांना ठाऊक असेल. असो.

खर्चाचे थोडक्यात सांगतो, कारण तो प्रश्न हमखास विचारला जातो. आकडा ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून हृदयविकार, ताब्यात न येणारा डायबेटीस, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असे काही असेल, साधे उपाय थकले असतील आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल, तर आरोग्य विम्यात हे ऑपरेशन बसू शकते. पॉलिसीचा कागद मात्र ऑपरेशनच्या आधी वाचावा, प्रतीक्षा काळाची अट बघावी. दाजींच्या कंपनीच्या विम्यातून मोठा भाग सुटला. उरलेले पतपेढीचे कर्ज अजून चालू आहे.

माझ्या हातून झालेली चूक

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस नुसते पाणी, नारळपाणी, डाळीचे गाळलेले पाणी. मग दूध, ताक, पातळ सूप. मग मिक्सरमधून काढलेले. मग मऊ खिचडी, मऊ अंडे. असे करत दीड-दोन महिन्यांनी साधे अन्न. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सगळे कागदावर लिहून दिले होते आणि तो कागद ताईने कपाटाच्या दाराला चिकटवला होता.

बाराव्या दिवशी रविवार होता. आईने मटण केले. म्हणाली, "पोरगी बारा दिवस पाण्यावर आहे, रश्श्यात भाकर कुस्करून दे, गळ्याखाली उतरंल." मी तो डबा घेऊन विक्रोळीला गेलो. कागद माझ्या डोळ्यासमोर होता. ताई नको म्हणत होती. मी म्हणालो, "दोन घास खा, आईचे मन मोडू नको." तिने दोन घास खाल्ले. तिसरा मी आग्रहाने दिला.

अर्ध्या तासात छातीखाली असे दुखू लागले की तिला आडवे होता येईना. उलट्या सुरू झाल्या. रात्री अकराला रिक्षाने हॉस्पिटल गाठले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरणीने मला बाजूला घेऊन सांगितले की जठर जिथे शिवलेले असते ती जागा पहिले काही आठवडे कच्ची असते. तिथून गळती झाली तर जिवावर बेतते. सुदैवाने तसे काही झाले नव्हते. सलाईन लावून दोन दिवसांनी घरी सोडले. त्या दोन दिवसांत आई एक शब्द बोलली नाही. मीही नाही. हे इथे लिहिण्याचे कारण एवढेच की अशा पेशंटला भेटायला जाताना डबा नेऊ नये. न्यायचाच असेल तर आधी कागद वाचावा.

घड्याळाकडे बघून जेवणे

त्यानंतरचा काळ आम्हाला सर्वांत चमत्कारिक वाटला. ताईची भूक गेली. कमी झाली असे नव्हे, गेलीच. सकाळचे दहा वाजले, दुपारचा एक वाजला, पोट काही मागेना. तीस वर्षे जिला भुकेने छळले तिला हे स्वर्गसुख वाटले. "अरे, डोके किती मोकळे झालेय," असे ती मला फोनवर म्हणाली. दिवसभर खाण्याचा विचार नसतो म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदाच कळत होते.

पण भूक ही शरीराची घंटा आहे. घंटा बंद पडली तरी शाळा भरावीच लागते. ताईला भूक नाही म्हणून ती जेवेना. दिवसाला एक अंडे, दोन चमचे खिचडी, चहा. गोळ्यांचाही कंटाळा. चार महिन्यांनी केस मुठी-मुठीने गळू लागले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी. शेजारपाजारचे म्हणू लागले की ऑपरेशन बाधले. केसांचे तर असे आहे की वजन झपाट्याने उतरले की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बहुतेकांचे गळतात आणि नंतर येतात. पण रक्त तपासले तर हिमोग्लोबिन घसरलेले, आणि प्रथिने रोज किमान ६० ग्रॅम हवीत तिथे ताईच्या पोटात वीस-बावीस ग्रॅम जात होती.

मग मी एक वही आखून दिली. डावीकडे वेळ, मध्ये पदार्थ, उजवीकडे प्रथिनांचे ग्रॅम, खाली बेरीज. दुकानातला प्रथिनांच्या पावडरीचा डबा काही हजारांचा. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितला तेवढा घेतला, नंतर घरच्याच जिनसांवर बेरीज जमवली. दोन अंडी १२, मुगाच्या घट्ट वरणाची वाटी ७, शंभर ग्रॅम मासा किंवा कोंबडी २० ते २५, वाटीभर दही ५, कपभर दूध ६, वीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे भिजवून १०. साठच्या पुढे जाते. सुकटीत तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन असते, फक्त मीठ जाईपर्यंत पाण्यातून दोनदा काढून घ्यावी लागते, ब्लडप्रेशरवाल्यांनी तर नक्कीच. हे सगळे एकदम मावत नाही, म्हणून दिवसाचे पाच-सहा छोटे भाग. आधी अंडे, मासा, डाळ. भाकरी-भात शेवटी, जागा उरली तर. घास लहान आणि पिठासारखा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, एरवी दिवसभर घोट-घोट. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नाही, दोन तासांचे अंतर ठेवायचे. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या आणि वेळोवेळी रक्ताची तपासणी जन्मभराची आहे, हे आम्हाला ऑपरेशनआधी सांगितले होते. आम्हीच ते कानावेगळे केले. उलट्या सारख्या होत राहिल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, ब-१ जीवनसत्त्वाचा साठा लवकर संपतो आणि नसांवर परिणाम होतो.

चवही बदलली. जिलेबी तिला आता घशाला बोचते इतकी गोड लागते. कढईतल्या तेलाचा वास सहन होत नाही. मटणाचे तर असे झाले की ज्या घरात रविवार म्हणजे मटण, त्या घरची ही लेक वास आला की गॅलरीत जाऊन उभी राहते. कोरडा, तंतूचा तुकडा आत अडकल्यासारखा होतो. मासळी आणि अंडी मात्र गोड लागतात. सगळ्यांचे असेच होते असे नाही, कुणाची चव काही महिन्यांत पूर्ववत होते.

भूक गेली तरी एक गोष्ट गेली नाही. संध्याकाळचे पाच वाजले की ताईचा हात आपोआप खारीच्या डब्याकडे जायचा. पोट मागत नव्हते. दाजींची सेकंड शिफ्ट, मुलगा क्लासला, घरात एकटी. ती म्हणाली, "दिवसभराच्या कामानंतर माझी तेवढी एकच करमणूक होती रे. ती पण काढून घेतली." त्या दिवशी ती फोनवर रडली. डॉक्टर पोटावर ऑपरेशन करतात, या पाच वाजण्यावर नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की ही मनाची भूक ओळखायला शिकावे लागते आणि त्यासाठी बोलायला माणूस लागते. मग पाच वाजता इमारतीतल्या दोघी जणी आणि ताई कन्नमवार नगरात फेरी मारायला लागल्या. खारीचा डबा त्या दोघींपैकी एकीच्या घरी गेला.

इथे दुसरा एक धोका नमूद करतो. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचे बायपास पद्धतीचे ऑपरेशन झाले आहे. त्यात जठराची इवलीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. एका निवृत्ती समारंभात त्याने दोन गुलाबजाम खाल्ले आणि पंधरा मिनिटांत घामाघूम, छातीत धडधड, पोटात कळ. साखर एकदम आतड्यात उतरली की असे होते. हे तरी बरे, माणूस धडा घेतो. पण दारूचेही तसेच आहे. ती रक्तात झटपट चढते, थोडीही फार होते. आणि खाण्यातला आनंद गेल्यावर काही जण त्या बाटलीत तो शोधू लागतात, बहुधा दुसऱ्या वर्षापासून. ज्या घरात आधीच हा प्रश्न आहे त्यांनी डॉक्टरांपासून तो लपवू नये.

ताटात टाकू नये

आता आईबद्दल. आमची आई बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी, यावर तिच्या घरची आठ माणसे जगली. ताटात टाकणे हा तिच्या लेखी गुन्हा. आम्ही लहानपणी वरणाचा ठिपका ठेवला तरी ती ताट परत समोर सरकवायची. त्या शिकवणीला मी नावे ठेवणार नाही. जिथे उद्याचे नक्की नव्हते तिथे आज मिळाले ते संपवणे हाच शहाणपणा होता. पण आमच्या घरी उद्याचे नक्की झाल्यालाही पंचवीस वर्षे लोटली आणि पोट भरल्यावर थांबणे हे आम्हाला कुणी कधी शिकवलेच नाही. ताई तर आमची उष्टीसुद्धा संपवायची, "टाकू नये" म्हणून.

ऑपरेशननंतर ताई माहेरी आली की आईच्या जिवाची घालमेल व्हायची. बाळाच्या वाटीएवढे जेवण, तेही अर्धे राहायचे. ताई उरलेले झाकून ठेवायची आणि आई त्या झाकणाकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "माझ्या हातची चव गेली का गं?" ताईने समजावले की चव आहे, जागा नाही. आईला ते पटले नाही. आपल्याकडे माया बोलून दाखवत नाहीत, वाढून दाखवतात. वाढायचे बंद झाले तर माया दाखवायची कशी, हा तिचा प्रश्न होता आणि तो मला आजही खोटा वाटत नाही.

लग्नकार्यात याहून कठीण. पंगतीत वाढपी ऐकत नाहीत, यजमान हात धरतात, "आमच्या घरचे चालत नाही का?" इथपर्यंत बोलणे जाते. एका साखरपुड्यात एक वयस्कर पाहुणे ताईला सर्वांदेखत म्हणाले, "अहो, कोसलचा राजा प्रसेनजित नुसता भगवंताचा उपदेश ऐकून कमी जेवू लागला. तुम्हाला पोट कापायची काय गरज?" ताई गप्प बसली. मला राहवले नाही. मी म्हणालो, दादा, संयुत्त निकायातली ती गोष्ट पूर्ण सांगा. द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकत आलेल्या राजाला भगवंतांनी मात्रेने जेवणाऱ्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण द्यायचे ठरवले. तेव्हा कुठे राजाचा आहार हळूहळू उतरला. राजालासुद्धा जेवताना शेजारी मदतीला माणूस लागला. आमच्या ताईला तर गेली तीस वर्षे शेजारी बसून टोमणे मारणारेच मिळाले. दादा हसले, विषय बदलला. ताईने डब्यातले उकडलेले अंडे काढून खाल्ले. आता ती प्रत्येक कार्यात डबा घेऊन जाते.

वर्षभरात वजन ८६ किलोवर आले. डायबेटीसच्या गोळ्यांपैकी एक उरली, तीही छोटी. विक्रोळीचा पूल ती न थांबता चढते.

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. ताई माहेरी राहायला आली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा असा की मला वाटले काहीतरी दुखतेय. म्हणाली, "अरे, मला भूक लागलीय. खरीखुरी. पोटात." दीड वर्षाने. बोलताना तिला हसू येत होते आणि ती घाबरलीही होती. पुन्हा तेच दिवस सुरू होणार का, हा एकच प्रश्न तिच्या डोळ्यांत. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की वर्ष-दीड वर्षाने भूक थोडीफार परत येते, काहींचे काही किलो परतही येतात, आणि तोपर्यंत लागलेली सवय तेव्हा कामाला येते. मी तिला तेच सांगितले. तिने वही उघडून त्या दिवसाची बेरीज बघितली. ५२ होती.

आई ओट्याशी होती. टोपल्यात दोन भाकरी शिल्लक होत्या, पातेल्यात मासळीचे कालवण. एरवी तिने विचारले नसते, ताट वाढून पुढे केले असते. ती हात पुसत वळली आणि म्हणाली, "किती वाढू? तू सांग."

"एक तुकडा मासा," ताई म्हणाली. "आणि भाकरीचा पापुद्रा."

आईने बाळाची वाटी काढली.